कामधेनूच्या पोटातली गोजाबाई

गोजाक्काला मावशी म्हणायचं न्हाय, हे मी त्या पुण्याच्या साहेबाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यानं ऐकलं न्हाय. ऐकलं असतं म्हणून पुढचं सगळं टळलं असतं असं काय मी म्हणत न्हाय, पण निदान त्याची एवढी फजिती तरी झाली नसती.

मी शिवानंद. मूळचा दुधनीचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आन पोटापाण्याला सोलापुरात टेम्पो. गोजाक्का माझ्या नात्याची न्हाय. ती बुधवार पेठेतली, विहाराच्या मागं तिचं पत्र्याचं शेड. आमी लिंगायत, ती बौद्ध. आमची गल्ली वेगळी, आमचे सण वेगळे. पण तिच्या देखाव्याची ट्रॉली मी इतकी वर्षं ओढलीय की बायकोपेक्षा जास्त बोलणी मी तिची खाल्ल्यात. म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क हाय, आन कुणाला तो पटत नसला तर त्यानं उठून जावं.

सोलापुरातली जयंतीची मिरवणूक ज्यानं बघितली न्हाय, त्याला देखावा म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबू, प्लायवूड, थर्माकोल आन कापडाचा एक अख्खा प्रसंग उभा करायचा, आन तो हलला पाहिजे. बाबासाहेब तळ्याचं पाणी ओंजळीत घेतायत असं दाखवायचं तर ओंजळ खरंच वर गेली पाहिजे, पाणी खरंच सांडलं पाहिजे. न्हाय सांडलं तर पोरं शिट्ट्या मारून जीव नको करतात. बाकीच्या गावात ह्याला मोटार लावतात. आमच्याकडं आत माणूस बसतो. देखाव्याच्या पोटात माणूस मावेल एवढी जागा असते, बारकं दार असतं, आन आत सायकलच्या ब्रेकच्या तारा, कप्प्या, लाकडी दांडे. आतला माणूस भोकातनं बाहेर बघतो आन दांडे ओढतो. का म्हणाल तर मोटारीला माणसं कळत न्हाईत. एखादी म्हातारी हात जोडून उभी ऱ्हायली तर मूर्तीचा हात जरा जास्त वेळ वर ठेवायचा असतो. मोटार काय ठेवणार? तिला तर आपली फिरायची घाई.

आन मिरवणूक संपली की ते बारकं दार उघडतं, घामानं निथळणारा माणूस बाहेर येतो, आन मंडळाचा अध्यक्ष सगळ्यांच्या देखत त्याच्या डोक्याला निळा फेटा बांधतो. आमच्याकडं देखावा करणाऱ्याचा मान तो एवढाच. पण त्या फेट्यासाठी लोक वर्षभर राबतात.

गोजाक्काचा नवरा यशवंत. हा सगळा उद्योग त्याचा. गुणी माणूस, त्याच्याबद्दल वाकडं बोलवत न्हाय मला. पण त्याच्या अंगावरनं वारं गेलं आन उजवा हात लुळा पडला. दांडे ओढणार कोण? गोजाक्का आत बसली. पहिल्याच वर्षी तिनं असा काय देखावा हलवला की लोक म्हणाले, यशवंतदादाच्या हातात जादू हाय. आता बोला! यशवंत कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला गमछा गुंडाळून माझ्या शेजारी ट्रॅक्टरवर बसलेला असायचा. शेवटच्या चौकाच्या अलीकडं मी आडोशाला थांबायचो, यशवंत मागनं आत शिरायचा. चौकात गेलं की दार उघडायचं आन बाहेर यायचा यशवंत. टाळ्या, घोषणा, फेटा. आन गोजाक्का? ती गुडघे पोटाशी घेऊन आतच. गर्दी पांगेपर्यंत शिंकायचं सुद्धा न्हाय.

मी एकदा भडकून म्हटलं, "अक्का, उतर की खाली! चोरी केलीय का काय?"

"बाई आत कोंबून मिरवणूक काढली म्हणतील," ती म्हणाली. "काम जाईल शिवानंद. गप ऱ्हा."

घरी गेल्यावर यशवंत डोक्यावरचा फेटा काढायचा, तिच्या मांडीवर ठेवायचा, आन भाकरीला बसायचा. हे तिनंच मला सांगितलं, तो गेल्यावर. "मांडीवर नको, डोक्यावर ठिव, एवढं म्हणायला मला झालं न्हाय," म्हणाली. सगळे फेटे तिनं ट्रंकेत घालून ठेवलेत.

यशवंत गेला तसं मंडळवाल्यांनी जाहीर करून टाकलं की यशवंतदादा गेले, देखावा गेला. गोजाक्का अध्यक्षाकडं गेली. अध्यक्ष म्हणजे नवनाथ, मांडवाचा मोठा ठेकेदार, दरवर्षी यशवंतच्या डोक्याला फेटा बांधणारा तोच. ती म्हणाली, देखावा मी करते. तो म्हणाला, "वहिनी, तुमी आता घर बघा. आमी पडदा आणतोय, एलईडीचा." तिनं चहाचा कप तसाच ठेवला आन उठून आली. तो चहा त्याच्या टेबलावर ओतून आली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. पण घरी येऊन तिनं शेडवरची पाटी खाली काढली, 'यशवंत आर्ट' पुसलं आन स्वतःच्या हातानं 'गोजाबाई आर्ट' लिहिलं. शाळेच्या गॅदरिंगचे डोंगर, लग्नातले हत्ती, दुकानाच्या उद्घाटनाच्या कमानी, मिळेल ते करायची. पण हलणारं काय कुणी मागत नव्हतं.

मग आला तो पुण्याचा साहेब. गळ्यात टाय, ह्या सोलापूरच्या उन्हात! तो कुठल्यातरी जाहिरात एजन्सीचा. त्याचं म्हणणं असं, की एका परदेशी कंपनीनं नवीन विमान काढलंय. लढणारं न्हाय, लढणाऱ्या विमानांना आभाळातच तेल भरून देणारं. पोटात तेल घेऊन उडतं, मागनं एक लांब नळी सोडतं, आन लढाऊ विमान उडता उडता मागं येऊन त्या नळीला तोंड लावतं. खाली उतरायची गरजच न्हाय. हे विमान आपल्या हवाई दलाला विकायचंय, म्हणून कंपनी गावोगाव कार्यक्रम घेत हिंडणार. आमचं विमान घेतलं तर त्याचे बारकेसारके भाग तुमच्याच गावच्या कारखान्यात बनवू, असं सांगत. पहिला कार्यक्रम सोलापुरात, मग नाशिक, शेवटी बेंगळुरू. आन आपल्याकडं त्याचं नाव ठेवलंय 'कामधेनू'.

"तर आम्हाला एक मोठं मॉडेल हवंय, मावशी," साहेब म्हणाला. "टँकर पुढे, फायटर मागे, नळी जोडली की पोटाखाली हिरवा दिवा. मॉडेल हललं पाहिजे."

"मावशी न्हाय, गोजाबाई," मी म्हटलं.

"हलंल," गोजाक्का म्हणाली. "पण एक हाय. शेजारी पाटी लावायची. गोजाबाई यशवंत, सोलापूर, यांनी बनवलं. मोठ्या अक्षरात."

"अहो, नक्की! त्यात काय एवढं!" तो म्हणाला, आन फोनवर बोलत बोलत गाडीत बसला. शेडमध्ये पाऊल सुद्धा टाकलं न्हाय त्यानं.

मला वाटलं होतं, लढाईचं काम, ती कुरकुर करंल. पण तिनं ते फोटो लावले भिंतीला आन कंबरेवर हात ठेवून कितीतरी वेळ बघत ऱ्हायली. "शिवानंद, ह्यातलं ते टोकदार, ऐटबाज, ते कुणाचं?"

"ते लढाऊ. ते सगळ्यांना म्हाईत असतंय. पोरं वहीवर चिकटवतात."

"आन ही लठ्ठ?"

"हीच की कामधेनू."

"हिचा फोटो चिकटवतंय का कुणी?"

"कोण चिकटवतंय!"

"मग आपण हिला लई भारी करू," ती म्हणाली.

आन केली की! बांबूचा सांगाडा, वरनं कापड, त्यावर करड्या रंगाचे हातावर हात. विमान इतकं मोठं झालं की माझ्या टेम्पोत मावावं म्हणून दोन तुकड्यात जोडायचं केलं. नळीनं मात्र लई पिडलं. ताणली की विमान हिसके खायचं, सैल सोडली की लोंबायची. मी म्हटलं, घट्ट धर. ती म्हणाली, "गल्लीत टँकर आला की पाइप कसा धरतात बघितलायस का? घट्ट धरला की घागरीतनं उडतो. सैल धरायचा, पण सोडायचा न्हाय." मग तिनं आत एक दांडा डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, आन पायाखाली एक फळी बसवली. मी शेडच्या दारात उभा. नळी हळूच खाली आली, लढाऊ विमान वाऱ्यात डुलल्यासारखं वर-खाली झालं, एकदा चुकलं, मागं सरलं, परत आलं, आन टेकलं. पोटाखाली हिरवा दिवा. मी मोठा माणूस, पण टाळ्या पिटल्या की!

"चुकलं का एकदा?" मी विचारलं.

"मुद्दाम चुकवलं. पहिल्याच फटक्यात टेकलं तर बघणाऱ्याचा जीव वर कशाला जाईल?"

फोनवर त्याचा व्हिडिओ काढून साहेबाला पाठवला. त्याचा निरोप आला: एकदम मस्त.

आता ह्यात चूक कुणाची ते तुमीच ठरवा. त्यानं 'हललं पाहिजे' म्हटलं आन त्याच्या डोक्यात मोटार. तिनं 'हलंल' म्हटलं आन तिच्या डोक्यात आत बसलेला माणूस. सोलापुरात हलणारं म्हटल्यावर आत कुणीतरी बसणारच, ह्यात विचारण्यासारखं काय हाय, असं तिला वाटलं. आन खरं सांगतो, मलाबी तसंच वाटलं. मोटारीचा विषय आमच्या दोघांच्या तोंडात एकदाबी आला न्हाय.

कार्यक्रम होता एमआयडीसीकडच्या एका मंगल कार्यालयात. आधल्या दिवशी लग्न झालं असावं, कोपऱ्यात अजून अक्षता पडल्या होत्या. मांडव नवनाथचाच. आमी सकाळीच जाऊन विमान जोडलं. साहेब आला, भोवतीनं फिरला, खूश झाला. मग म्हणाला, "व्हेरी गुड. आता रिमोट द्या."

"कसला रिमोट?" गोजाक्का म्हणाली.

"चालू करायचा."

"मी हाय की."

त्यानं वाकून बारक्या दारातनं आत बघितलं. स्टूल, दांडे, तारा, पायाखालची फळी. टायची गाठ सैल केली त्यानं. "मावशी! कंपनीला मी सांगितलंय पूर्ण ऑटोमॅटिक आहे म्हणून! परदेशातनं माणसं आलीत! आता काय सांगू, आत बाई बसलीय?"

"सांगा की. बाईच बसलीय."

तो दोन मिनटं डोक्याला हात लावून फिरला. मग परत आला, आन आवाज एकदम गोड. "असं करू. तुम्ही पाहुणे यायच्या आधी आत बसा. सगळे जेवायला गेले की मग बाहेर या. मधे आवाज नाही, खोकला नाही. कुणाला कळायला नको. जमेल ना मावशी?"

माझं डोकं सणकलं. का सांगू? कारण हेच वाक्य, शब्द इकडचा तिकडं, ती अर्धं आयुष्य ऐकत आली होती.

"पाटी कुटं हाय?" गोजाक्कानं विचारलं.

पाटी होती की. विमानाच्या शेजारी, चकचकीत, उभी. तिच्यावर एजन्सीचं नाव, पुण्याचा पत्ता, फोन नंबर. गोजाबाई कुटं न्हाय, सोलापूर बी न्हाय.

"पाटीचं नंतर बघू, मावशी. प्लीज, पाहुणे गेटवर आलेत."

मी म्हटलं, "अक्का, चल. सोड हे. विमान दोन तुकड्यात येतंय, टेम्पोत टाकतो, घरी जाऊ. ह्याचं ऑटोमॅटिक ह्यालाच हलवू दे."

साहेबाचं तोंड उतरलं. गोजाक्का मात्र जागची हलली न्हाय. मला बाजूला घेऊन म्हणाली, "शिवानंद, आजवर ज्या टाळ्या पडल्या त्यातली एकबी माझ्या नावावर न्हाय. हे विमान मी केलंय. ते हलल्याबिगर मी जाणार न्हाय, आन आज टाळी माझ्या नावानं घेतल्याबिगर बी जाणार न्हाय."

"आत बसून कशी घेणार?"

"दार आतनं उघडतंय," ती म्हणाली. पिशवी काखोटीला मारली, पदर खोचला आन आत शिरली. पिशवी कशाला पाहिजे म्हणून मी विचारलं तर म्हणाली, माझं मी बघते.

कार्यालय भरलं. आमच्या गावचे कारखानदार, कॉलेजचे मास्तर, हवाई दलातनं निवृत्त झालेले एक मिशीवाले साहेब, आन कंपनीचा एक उंच गोरा साहेब. माइकवर बोलायला वैष्णवी नावाची पोरगी होती. मोहोळची, पुण्यात शिकलेली. सकाळी तिनंच एकटीनं गोजाक्काला विचारलं होतं, "तुमचं नाव काय हो?" बाकी सगळ्यांना आमी दोघं हमाल वाटलो होतो.

मी भिंतीला टेकून उभा, नजर त्या बारक्या दारावर. दार आतनं उघडतं हे खरं, पण कधी उघडणार? आधीच उघडलं तर सगळा कार्यक्रम बोंबलणार आन लोक हसणार. न्हाय उघडलं तर ती परत तशीच, गुडघे पोटाशी. आता तिचं वय साठीला टेकलंय. परत असं मोठं काम कोण देणार तिला?

दिवे मंद झाले. संगीत लागलं. वैष्णवी बोलायला लागली. "लढाऊ विमानाचं नाव लहान मुलांनाही पाठ असतं. पण त्याला आभाळात टिकवून कोण धरतं?"

नळी हळूहळू खाली आली. मागचं लढाऊ विमान डुलत डुलत वर आलं. जवळ, अजून जवळ, आन चुकलं. सगळ्या कार्यालयानं 'अरे अरे' केलं. मिशीवाले साहेब खुर्चीतनं पुढं सरकले. विमान मागं गेलं, जरा थांबलं. मी तुमाला सांगतो, कुठलीबी मोटार तिथं तेवढी थांबली नसती. मग ते परत वर आलं, अलगद, आन टेकलं. हिरवा दिवा लागला.

टाळ्यांचा कडकडाट. एजन्सीचा साहेब असा वाकून टाळ्या घेतोय जणू त्यानंच बांबू तासलेत!

आन वैष्णवीनं शेवटचं वाक्य घेतलं, कंपनीनंच लिहून दिलेलं. "ज्याच्या जोरावर सगळे लढतात, त्याच्याकडे कधीच कुणी बघत नाही. आज आम्ही त्याला तुमच्यासमोर आणतोय!"

खट्ट करून दार उघडलं.

आधी एक पाय आला, मग हात, मग डोकं. आन डोक्यावर निळा फेटा! आत, त्या अंधारात, एका हाताला दांडा आन दुसऱ्या हातानं तिनं तो बांधला होता. वाकडा झाला होता, एक पदर कानावर आला होता. घामानं चेहरा चमकत होता. गोजाक्का विमानाच्या पोटाखालनं सरळ उभी ऱ्हायली आन खणखणीत आवाजात म्हणाली,

"जय भीम. मी गोजाबाई. बुधवार पेठ, सोलापूर. हे मी केलंय. आन आत मीच होते."

मग ती वळली, मांडवाच्या खांबाजवळ उभ्या नवनाथकडं बघितलं आन म्हणाली, "आधी बी मीच होते, नवनाथ. यशवंतचा हात गेल्यापासनं दर जयंतीला. फेटा तू त्याला बांधलास. त्यानंच मला शिकवलं, त्याचा मान त्याला. पण दांडे मी ओढले."

पहिली टाळी मीच वाजवली, खोटं कशाला बोलू! माझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आन मी वेड्यासारख्या टाळ्या पिटत होतो. मग मिशीवाले साहेब उठले, मग मागच्या खुर्च्या उठल्या. गोऱ्या साहेबानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. एजन्सीवाला घाईघाईनं म्हणाला, "हेल्पर, सर, लोकल हेल्पर." तेवढं इंग्रजी मला कळतंय. मी पुढं होणार, तेवढ्यात वैष्णवीनं माइक तोंडाशी धरला आन आधी इंग्रजीत, मग मराठीत सांगितलं, "हे मॉडेल गोजाबाईंनी बनवलंय आणि आत्ता त्यांनीच चालवलं." तिची नोकरी त्याच एजन्सीत. तरी बोलली. मोहोळचं पाणी!

गोऱ्या साहेबानं येऊन गोजाक्काचा हात हातात घेतला, मग गेला कारखानदारांकडं. त्याला विमान विकायचं होतं, त्याचं काम त्यालाबी होतंच. एजन्सीवाला मात्र तिच्याजवळ येऊन दात खात म्हणाला, "तुम्ही माझी लाज काढलीत. नाशिक, बेंगळुरू, सगळं विसरा आता. मी त्यात मोटार बसवून घेईन."

"बसव की," गोजाक्का म्हणाली. "मी काय आडवी पडलीय? पण मावशी परत म्हणू नको."

नवनाथ आला. मान खाली. "वहिनी, मला म्हाईतच नव्हतं हो."

"तुला म्हाईत करून घ्यायचंच नव्हतं."

"फेटा सैल झालाय तुमचा. थांबा, मी बांधतो नीट." त्यानं हात पुढं केला.

"हात लावू नको," ती म्हणाली. "माझा मी बांधलाय. वाकडा तर वाकडा."

नवनाथचा हात तसाच हवेत ऱ्हायला. मला त्याची थोडी दया आली. थोडीच.

आता खरी गंमत. जेवणं झाल्यावर कॉलेजच्या पोरांसाठी दुसरा खेळ ठरलेला होता. बाहेर दोन बस येऊन थांबल्या. एजन्सीवाला विमानाभोवती येरझारा घालतोय, दारातनं आत बघतोय, दांड्याला हात लावतोय. एकदा ओढला तर लढाऊ विमान धाडकन खाली आपटलं. शेवटी आला आमच्याकडं. गोजाक्का पायरीवर बसून कडक भाकरी मोडत होती, डोक्यावर फेटा तसाच.

"गोजाबाई," तो म्हणाला. कसंबसं म्हणाला, पण म्हणाला. "एवढा एक शो करा. आत बसा ना परत."

तिनं घास संपवला. हात झटकले. मला वाटलं, आता ह्याला चांगली सोलून काढणार. पण ती उठली, विमानाजवळ गेली, त्या बारक्या दारावर थाप मारली आन मला म्हणाली, "शिवानंद, पेचकस आण."

"कशाला?"

"दार काढून टाक. बसते मी आत. पण आता दार नको."

साहेब 'अहो, अहो' करत ऱ्हायला. मी टेम्पोतनं पेचकस आणला आन बिजागऱ्या खोलल्या. कशा खोलल्या म्हणता? केळं सोलावं तसं दार अंगावेगळं केलं. पोरं आत आली तवा विमानाचं पोट उघडं, आन आत स्टुलावर, दोन्ही हातात दांडे घेऊन, निळा फेटा बांधलेली बाई. नळी खाली यायला लागली, विमान डुलायला लागलं, आन निम्मी पोरं विमानाकडं बघतच नव्हती. ती तिच्या हाताकडं बघत होती. मुद्दाम चुकवायच्या वेळी तिनं त्यांच्याकडं बघून डोळा बारीक केला. हसली सगळी.

ते दार अजून माझ्या टेम्पोत पडलंय. भाजीच्या पोत्यांखाली असतं. परवा मी तिला विचारलं, आता जयंतीचा देखावा केलास तर ते दार आणून देऊ का, तर म्हणाली, जाळ चुलीत.